कामुसीमेचा बाक

ब्वेंग्येने रीतीप्रमाणे गुरं देऊन कामुसीमेला घरी आणलं, पाच मुलं झाली. पण टेकडीवरच्या चर्चच्या लेखी ते लग्नच नव्हतं, म्हणून दोघांनाही प्रभुभोजन, वेदीपाशी मिळणारी भाकर नि द्राक्षारस, बंद. दर रविवारी लोक वेदीकडे निघाले की कामुसीमे बाकावर गुडघे आखडून त्यांना वाट करून द्यायची. ब्वेंग्ये तेव्हा बाहेर झाडाखाली गप्पा छाटत असायचा.

"अहो, पाळकांसमोर दोन शब्द बोलायला कितीसा वेळ लागतो?" ती परतताना म्हणायची.

"आणि अख्ख्या गावाला लग्नाचं जेवण काय तुझा बाप घालणार? घरावर पत्रे चढू देत, मग बघू."

पत्रे चढले. मग धाकटीची शाळा आली, मग आणखी काही. एकतीस वर्षं गेली, आणि मार्चमध्ये कामुसीमेही गेली.

दफनानंतरच्या रविवारी तरुण पाळकाने चर्चच्या दारातच ब्वेंग्येचा हात धरला. "बाबा, आता तुम्हाला प्रभुभोजनाला काही अडचण उरली नाही. आज या वेदीपाशी."

अडचण! ब्वेंग्येला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. तो आत जाऊन कामुसीमेच्या जागेवर बसला. रांग निघाली, तसे त्याने गुडघे आखडले. जाणारा प्रत्येक जण त्याची नजर चुकवत होता.

बाक इतका अरुंद असेल, हे त्याला ठाऊकच नव्हतं.