डाव्या विंगेतली कुजबुज

आमच्या भावजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, रंगमंचावर राजा केला, भुरटा चोर केला, एकदा तर खाष्ट सासूही केली. पण त्यांचं प्रत्येक वाक्य आधी डाव्या विंगेतून आमचे हे कुजबुजायचे, ते प्रेक्षकांना माहीत असायचं कारण नाही. हे प्रॉम्प्टर होते. नाटक तोंडपाठ असलं तरी मोठ्या भावाकडून शब्द आल्याशिवाय भावजी तोंड उघडायचे नाहीत. सवय म्हणा, खोड म्हणा.

घरीसुद्धा हे कुजबुजतच. मीठ मागायचं तरी कानात. "अहो, मोठ्याने बोला जरा," म्हणून मी जन्मभर कटकट केली. गेले तेही असेच, दुपारच्या झोपेत, गुपचूप. त्यांच्या आवाजाची एक टेप नाही. ज्याचं कामच लोकांना ऐकू न येणं, त्याचं रेकॉर्डिंग कोण करतंय.

त्यानंतर भावजींनी स्वतःचा सिनेमा काढला. दिग्दर्शक तेच, नायक तेच. संकलन माझं, कारण तो माझा धंदाच आहे, आणि घरचं काम म्हणून मी कुणाचे लाड करत नाही. पहिल्याच दिवशी माझं डोकं फिरलं. दर वाक्याआधी भावजी मान किंचित डावीकडे कलती करून थांबतात आणि मग बोलतात. निर्मात्याने पाहिलं आणि सरळ सांगितलं, "ह्या थांबण्याच्या जागा काढा, नाहीतर हा सिनेमा डब्यात गेला समजा." भावजींच्या वयाच्या माणसाला दुसरा सिनेमा कोण देणार होतं?

मी हेडफोन चढवले, पहिली जागा छाटायला घेतली. तर त्या जागेत कुणीतरी कुजबुजलं. भावजींचं पुढचंच वाक्य, एक श्वास आधी. ज्या आवाजावर जन्मभर चिडले, तो मी ओळखणार नाही?

ध्वनिमुद्रकाला ऐकवलं. तो म्हणाला, "ताई, पंख्याची घरघर आहे."

"पंख्याला संवाद पाठ असतात का?" मी म्हणाले. तो हळूच सटकला.

मग भावजींना बोलावून झापलंच. "तुम्ही कुणाचाही आवाज काढता, कबूल. पण ह्यांची नक्कल करून मला कशाला छळताय?"

भावजी म्हणाले, "वहिनी, दादाची नक्कल मला कधी जमलीच नाही. त्याचा आवाज असा लक्षातच राहायचा नाही, नुसते शब्द यायचे." मग माझ्याकडे बघतच राहिले. "म्हणजे तुम्हालाही ऐकू येतो? मला वाटलं, मलाच वेड लागलंय."

आम्ही दोघंही रडलो. लाज कसली त्यात. डोळे पुसून तेच म्हणाले, "छाटा. तो सांगत राहिला तर मी माझं असं कधी बोलणारच नाही."

मी छाटत गेले. प्रत्येक जागेला ह्यांना पुन्हा पोचवून आल्यासारखं वाटायचं. तुकडे फेकले नाहीत, घरी नेऊन लावले. नुसती घरघर. पुढे बोलणारं कुणी नसेल तर हे कुजबुजणार तरी कुणासाठी?

राहिला शेवटचा प्रसंग. नायक रिकाम्या घराचं दार ओढून घेतो. त्याला तिथे वाक्यच लिहिलेलं नाही, तरी भावजी मान कलती करून थांबलेत. मी हेडफोन घट्ट दाबून धरले. बराच वेळ काही नाही. मग अगदी हळू, "अहो, मोठ्याने बोला जरा."

ते भावजींचं नव्हतं. ते माझं वाक्य होतं. हे मला सांगत होते, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. ती जागा मी ठेवली. निर्माता चिडला, मीही चिडले, आणि चिडण्यात मला कुणी हरवत नाही.

पहिल्या खेळाला भावजी माझ्या शेजारी बसले. त्यांची मान सरळ होती. पडद्यावर दाराशी ते थांबले, सगळं थिएटर चिडीचूप झालं आणि ह्यांनी मला पुन्हा शब्द दिला. ह्या वेळी मी वाक्य म्हणाले. चांगलं मोठ्याने म्हणाले असणार, कारण पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.