पायांतल्या मुंग्या

प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत आणि घरी धाकटा दीर ‘कोंबड्यांची डॉक्टरीण’ म्हणून चिडवी. खरं तर कोंबड्यांना बरं करणं हे तिचं काम नव्हतंच. कोंबडीच्या आतड्यात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा एक नागमोडी जंतू सुखाने नांदतो. कोंबडीला त्याचं काही वाटत नाही. ती खाते, पिते, टुणटुणीत असते. तोच जंतू माणसाच्या पोटात गेला की जुलाब, ताप, कळा. बहुतेक लोक आठवडाभरात बरे होतात आणि विसरूनही जातात.

जे बरे होत नाहीत त्यांच्या मागे ताई लागली होती. या जंतूच्या काही जातींचं वरचं आवरण माणसाच्या मज्जातंतूंसारखं दिसतं. शरीर जंतूशी लढायला फौज उभी करतं, जंतू मरतो, पण फौजेला आपलं-परकं कळेनासं होतं आणि ती आपल्याच मज्जातंतूंवर तुटून पडते. आधी पाय जातात, मग लुळेपणा वर चढतो. हजारांत एखाद्याच्या नशिबी हे येतं. डॉक्टर त्याला जीबीएस म्हणतात. ही घातकी जात बाजारातल्या कोणत्या कोंबड्यांत सापडते हे शोधायला ताई दुकानादुकानांतून मांसाचे नमुने आणवत होती आणि तो जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहत होती.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर उंच इमारतींच्या पोटात शिडीवर उभं राहून काम करायचं आणि संध्याकाळी घरी येऊन त्याच्या सुरस कथा सांगायच्या, असा त्याचा खाक्या. कोणत्या मजल्यावरच्या आजी लिफ्टशी बोलतात, कुठल्या साहेबांना अडकल्यावर रडू फुटलं, हे सगळं त्याला तोंडपाठ. मध्यंतरी त्याचं पोट बिघडलं होतं. दोन-तीन दिवस त्याने अंथरूण धरलं, मग पुन्हा कामाला लागला. पोट काय, कुणाचंही बिघडतं.

त्यानंतर बरेच दिवस गेले. एका सकाळी तो दाराशी बसून बूट घालत होता. ताई स्वयंपाकघरात डबा भरत होती. तो सासूबाईंना सांगत होता, की पायांना मुंग्या आल्यात, मोज्यावर मोजा चढवल्यासारखं वाटतंय. सासूबाई म्हणाल्या, झोपताना अवघडला असशील.

ताईच्या हातातलं डब्याचं झाकण तसंच राहिलं. ती बाहेर आली.

“एका पायाला की दोन्ही?”

“दोन्ही. का गं?”

तिने त्याला बूट काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायला सांगितलं. तो हसायला लागला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, हे त्याचं तिच्याबद्दलचं लाडकं मत होतं. घरात कुणी शिंकलं तरी हिला साथ दिसते, असं तो चारचौघांत सांगायचा. पण तिचा चेहरा पाहून मुकाट्याने बसला. पाय लोंबकळत सोडले. ताईने लाटणं उचललं आणि त्याच्या टोकाने गुडघ्याच्या वाटीखाली हलकेच ठोकलं. पाय हलला नाही. तिने जागा जराशी बदलून पुन्हा ठोकलं. पाय तसाच लोंबकळत राहिला. दुसऱ्या पायाचीही तीच गत. ‘आपल्यालाच नीट जमत नसेल,’ असं स्वतःला समजावत ती खुर्चीवर बसली आणि आपल्याच गुडघ्यावर ठोकलं. तिचा पाय टणकन उडाला. मग तिने सासूबाईंना बसवलं. सत्तरीतल्या सासूबाईंचा पायसुद्धा उडाला.

आता कुणीच हसत नव्हतं.

टॅक्सीत बसताना त्याला पाय हाताने उचलून आत घ्यावा लागला. हे त्याच्या लक्षात आलं आणि तिच्याही. ती खिडकीबाहेर पाहत राहिली, कारण त्याच्याकडे पाहिलं असतं तर तिला जे जे माहीत होतं ते सगळं तिच्या डोळ्यांत त्याला दिसलं असतं. काय काय होऊ शकतं याची आकृती तिने कितीदा तरी सभांमध्ये पडद्यावर दाखवली होती. माणसाची काळी बाह्यरेषा आणि तळपायांपासून छातीपर्यंत चढत जाणारा लाल रंग. छातीपाशी पोचल्यावर ती दरवेळी जरा थांबून सांगायची, की इथून पुढे श्वासाचे स्नायू.

दवाखान्यात आधी एका तरुण डॉक्टरने तपासलं. तोही बिचारा रात्रपाळी संपवून घरी निघालेला. त्याचं म्हणणं, जुलाबानंतर अशक्तपणा राहतो, क्षार कमी झाले असतील, गोळ्या देतो, उद्या दाखवायला या.

“उद्या हा चालत येऊ शकणार नाही,” ताई म्हणाली. “त्याचे गुडघे एकदा ठोकून पाहा, डॉक्टर. मी घरी पाहिलंय.”

डॉक्टरने खिशातली रबरी हातोडी काढली. पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग घोट्यावरही पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरची झोप उडाली. त्याने लगेच फोन उचलून मेंदूविकाराच्या डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलं. दुपारपर्यंत पाठीच्या कण्यातलं पाणी काढून झालं, औषधाची बाटली लागली आणि आजाराला नाव मिळालं. ताईला ते सकाळीच ठाऊक होतं. तरी तिने ते डॉक्टरीणबाईंना पुन्हा एकदा सांगायला लावलं.

औषधाचा गुण यायला वेळ लागतो आणि तोवर आजार वरवर चढतच राहतो. नवरा खाटेवर पडून वॉर्डातल्या मामांना सांगत होता, की तुमच्या स्ट्रेचरच्या लिफ्टचं दार घासतंय, खालचं रबर गेलंय, कुणाचा तरी पाय अडकेल. मामांनाही ऐकायला बरं वाटत होतं. ताई पायथ्याशी बसून त्याचे शब्द नाही, श्वास ऐकत होती. पहिल्या दिवशी तो लांबच लांब वाक्यं एका दमात बोलत होता. दुसऱ्या दिवशी तो वाक्याच्या मध्ये थांबायला लागला. मग दर तीन-चार शब्दांनी. त्या बोलक्या माणसाचं बोलणं असं दोऱ्यासारखं तुटत चाललं. ती धावत जाऊन नर्सला घेऊन आली.

अतिदक्षता विभागात नेताना त्याने तिचा हात शोधला. बोटांत पकड राहिली नव्हती, म्हणून तिनेच घट्ट धरला.

“घाबरलीस?” त्याने विचारलं.

“हो.”

“मी... पण.”

मग त्याच्या घशात नळी घातली गेली आणि यंत्र त्याच्यासाठी श्वास घेऊ लागलं. तो शुद्धीत होता. पापण्या तेवढ्या हलत होत्या.

काचेच्या या बाजूला बाकावर बसल्या बसल्या ताईच्या मनात दुसरी भीती शिरली. पहिलीहून वाईट. हा जंतू आला कुठून? ज्या सुमारास त्याचं पोट बिघडलं, त्याच सुमारास ती तुलनेसाठी फ्रीजरमध्ये जपून ठेवलेली नेमकी हीच जात प्रयोगशाळेत वाढवत होती. तिला आठवलं, की त्या दिवसांत एकदा काम चालू असताना त्याचा फोन आला होता आणि तिने तो उचलला होता. हातमोजा आधी काढला होता का? काढला असणार, नेहमीच काढते. पण ‘असणार’ म्हणजे काय? तो फोन मग घरी आला, जेवणाच्या टेबलावर राहिला, नवऱ्याने त्यावर क्रिकेटचा स्कोअर पाहिला. ती आपले हात पाहू लागली. उठून धुऊन आली. परत येऊन बसली आणि पुन्हा धुवायला गेली. विषाची परीक्षा घेता घेता तेच विष आपण घरात आणलं, आणि ज्याच्यासाठी फोन उचलला त्यालाच दिलं, असं तिच्या मनाने घेतलं.

हे कुणाला सांगितलं नसतं तरी चाललं असतं. कुणी विचारलंही नव्हतं. पण मन खाऊ लागलं, तशी ती तडक विभागप्रमुख बाईंकडे गेली. दवाखान्याने त्याच्या शौचाच्या नमुन्यातून जंतू वेगळा केला होता. तो मागवून घ्या, म्हणाली, आणि आपल्या फ्रीजरमधल्या जंतूशी त्याची जनुकं जुळतात का ते तपासा. मी हात लावणार नाही, दुसऱ्या कुणाला तरी करू दे.

प्रमुख बाईंनी उठून दार लावून घेतलं. जुळलं तर काय होईल हे दोघींनाही कळत होतं. प्रयोगशाळेला कुलूप, चौकशी, एवढ्या वर्षांचं काम मातीत.

“विचार करून सांगते आहेस ना?” त्यांनी विचारलं.

“विचार करून करूनच आलेय. आता आणखी विचार केला तर मी पळून जाईन.”

तपासणी तिच्या सहकाऱ्याने केली. उंच, अबोल माणूस. सगळे त्याला बगळा म्हणत. निकाल यायचा होता ते दिवस ताईने कसे काढले तिचं तिलाच माहीत. काचेपलीकडे यंत्र एका लयीत उसासे टाकत होतं आणि मधूनच त्यातली एखादी घंटी वाजायची. दरवेळी ती उठून काचेशी धावायची. नर्स येऊन नळी सारखी करून जायची. सासूबाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला पदर घट्ट लपेटून बसायच्या. दोघी एकमेकींना खायचा आग्रह करायच्या आणि दोघीही खायच्या नाहीत.

बगळा निकाल घेऊन स्वतः दवाखान्यात आला. तुमचा नाही, एवढंच आधी बोलला. मग खाली बसून नीट सांगितलं. तुम्ही तेव्हा वाढवत होतात त्या फ्रीजरमधल्या जंतूशी काही संबंध नाही. त्यानंतर दुकानांतून आणलेल्या मांसात जो सापडला, त्याच्याशी मात्र तंतोतंत जुळतो. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी जे दुकान आहे ना, तेही त्यात आहे.

ताईच्या जिवात जीव आला. ती ओंजळीत तोंड घालून रडली. आणि मग रडता रडताच तिला कळलं, की याचा अर्थ काय. हा जंतू कुलूपबंद फ्रीजरमध्ये नव्हता. तो कोपऱ्यावरच्या दुकानात होता, पिशवीतून घरोघर जात होता, आज, आत्ताही. आणि त्यांच्या घरात तो आला होता सासूबाईंच्या स्वयंपाकघरातून.

सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. बगळा गेल्यावर त्या सरकून जवळ आल्या.

“माझ्या हातची कोंबडी खाऊन झालं का हे?”

ताईने टाळायचा प्रयत्न केला. काहीही असू शकतं, म्हणाली. सासूबाई तिच्याकडे नुसत्या पाहत राहिल्या. ज्या बाईने तिला कधी खोटं सांगितलं नव्हतं, तिच्याशी ताईला खोटं बोलता येईना.

“शिजवलेल्या कोंबडीतून नाही, आई. शिजल्यावर जंतू राहत नाही. तुम्ही ती नळाखाली धुता ना, तेव्हा पाणी उडतं. बाजूला काकडी चिरून ठेवलेली असते. तिच्यावर उडालं असेल.”

सासूबाईंना काकडी आवडत नसे, आणि दीर तेव्हा परगावी होता. त्याचं पोट बिघडण्याआधी घरात कोंबडी झाली, त्या दिवशी ताईला यायला उशीर झाला होता, तोवर काकडी संपली होती. सगळी काकडी त्यानेच खाल्ली होती, हे दोघींच्या एकदमच लक्षात आलं.

“मी स्वच्छ व्हावी म्हणून धुवायचे,” सासूबाई म्हणाल्या.

“सगळेच धुतात. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी गावभर सांगत फिरले, पण तुमच्या ओट्यापाशी येऊन तुम्हाला शिकवायची माझी हिंमत झाली नाही.”

मग सासूबाईंनी पिशवीतला डबा काढला, झाकण उघडून तिच्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, “खा. तो उठला की मी त्याला सांगेन. तू नको सांगूस.”

तो उठला, पण लगेच नाही. आधी उजव्या हाताचं एक बोट हललं आणि आपल्याला भास तर झाला नाही ना म्हणून ताईने नर्सला तीनतीनदा विचारलं. नळी निघाली तेव्हा त्याचा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा येत होता. नंतर बसणं, चमचा धरणं, कुबड्यांवर उभं राहणं; लहान मुलासारखं सगळं पहिल्यापासून. सासूबाईंनी शब्द पाळला. एका दुपारी त्याच्या खाटेशी बसून त्यांनी सगळं सांगितलं आणि शेवटी त्यांना हुंदका आवरेना. त्याने ऐकून घेतलं, दम घेतला आणि म्हणाला, “मग त्या काकडीवर केस कर, आई.” सासूबाई रडता रडता हसल्या आणि हसता हसता त्याला एक चापट मारली.

कोपऱ्यावरच्या दुकानाला आणि आणखी बऱ्याच दुकानांना कोंबड्या पुरवणारी शेड एकच निघाली. तिथलं पाणी, खुराडी, वाहतुकीचे पिंजरे, सगळं तपासायचं ठरलं. ते काम ताईचंच होतं. नवरा घरी येऊन भिंतीच्या आधाराने चालू लागल्यावर ती बऱ्याच दिवसांनी प्रयोगशाळेत गेली. अंगावर झगा चढवला, दोन हातमोजे घातले, आणि जंतू वाढवायच्या उबदार कपाटासमोर उभी राहिली. आत शेडमधून आलेल्या नमुन्यांच्या बशा होत्या. दारावर हात ठेवला, पण दार उघडवेना. हात काढून घेतला, पुन्हा ठेवला.

शेजारच्या टेबलावर बगळा काम करत होता.

“जरा इथे येऊन उभा राहतोस?” तिने विचारलं. “काही करू नकोस. नुसता उभा राहा.”

तो आला आणि काही न विचारता तिच्या बाजूला उभा राहिला. ताईने कपाट उघडलं. पहिली बशी उचलून उजेडात धरली. लालसर थरावर त्या जंतूचे राखाडी, चमकदार ठिपके उगवले होते, भरपूर. तिने बशी खाली ठेवली आणि दुसरी उचलली.