मयत: आमचे भाऊजी

माझा मेव्हणा सिनेमे काढतो. लग्नांचं शूटिंग करून पोट भरतो आणि मधल्या दिवसांत, आमच्याच घरात, घरच्यांनाच हाताशी धरून सिनेमा करतो. थिएटरवाले त्याला दारात उभं करत नाहीत. पण कुठून कुठून पोरं बसने येतात, शाळेच्या हॉलमध्ये दाटीवाटीने बसतात आणि पात्रांच्या आधी स्वतःच संवाद म्हणून मोकळी होतात.

त्याच्या प्रत्येक सिनेमात एक मेलेला माणूस असतो. तो मी. नोकरी वाचनालयात झाली. चार माणसांत तोंड उघडायचं म्हणजे मला घाम फुटतो. त्यामुळे हे काम मला मानवलं. पडद्यावर ‘मयत: आमचे भाऊजी’ अशी अक्षरं आली की हॉल दणाणतो. एवढी वाहवा मला दुसऱ्या कशासाठी मिळाली नाही. तीही माझी की अंगावरच्या चादरीची, कोण जाणे.

यंदा माझं हृदयाचं ऑपरेशन झालं. घरी आल्यापासून दुपारी मी जरा आडवा झालो की बायको छातीवर हात ठेवून बघायची. मी डोळे न उघडता म्हणायचो, “आहे गं.”

अशात मेव्हणा नवा सिनेमा घेऊन आला. बायकोने साफ नकार दिला. त्याने गयावया केली. पोरं त्या एका दृश्यासाठी येतात, म्हणाला. माझ्या जागी गल्लीतल्या शिंप्याला झोपवून पाहिलं, तर त्याच्या नाकपुड्या थरथरतात.

“मरायलाही अंगात असावं लागतं, ताई.”

“ऑपरेशननंतर ह्यांना बाहेर आणलं ना,” ती म्हणाली, “तेव्हा हुबेहूब तुझ्या सिनेमातल्यासारखे दिसत होते. इतकी वर्षं हसत बघितलं. आता नाही बघवत रे.”

मला तर काम करायचं होतं, पण तसं म्हणायचा धीर होईना. मी चष्मा पुसत राहिलो. तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि अट घातली: दृश्यात ती माझ्या उशाशी बसणार.

शूटिंगच्या दिवशी मला सतरंजीवर निजवलं, गळ्यापर्यंत चादर ओढली. कॅमेरा सुरू झाला. सगळे चिडीचूप. थोड्या वेळाने छातीवर तिचा हात आला.

“आहे गं,” मी म्हणालो.

मग जीभ चावली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी शॉट घालवला होता. मेव्हणा म्हणाला, पुन्हा घेऊ.

“पुन्हा नाही,” ती म्हणाली आणि चादरीची घडी घालायला लागली.

दुसरा शॉट नव्हताच, म्हणून त्याने तोच ठेवला. पहिल्या खेळाला मी अंग चोरून बसलो होतो. मी आडवा दिसताच टाळ्या पडल्या. मग तो हात, मग माझा आवाज, आणि हॉल गार पडला. मेव्हण्याची सगळी मेहनत मी मातीत घातली, असं वाटलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच म्हणालं, “आहे गं.” मग दुसरं कोणी. मग सगळेच.

आता रस्त्यात अनोळखी पोरं मला गाठतात आणि विचारतात, “भाऊजी, आहात ना?” मला उत्तर सुचेपर्यंत बायको पुढे होते.

“आहेत,” म्हणते. “ढकलू नका त्यांना.”