धुतलेली अंडी

धुरपदाबाईनं जन्मात कधी अंडं धुतलं नव्हतं. अंडं धुवायचं नसतं, हे तिला नांदायला आली त्याच साली सासूनं शिकवलं होतं. कोंबडीखालून अंडं काढावं, घाण लागली असेल तर कोरड्या फडक्यानं अलगद टिपावी, आणि मडक्यातल्या थंड, चाळलेल्या राखेत निमुळतं टोक खाली करून उभं पुरावं. एकाला दुसरं खेटू द्यायचं नाही. मडकं चुलीपासून लांब, अंधाऱ्या कोपऱ्यात. सासू म्हणायची, "देवानं अंगात झबलं घालून धाडलंय त्याला. तू पाणी लावून ते उतरवू नको, बाई. उघडं पडतंय लेकरू."

असं ठेवलेलं अंडं चैत्राच्या उन्हातसुद्धा पंधरा दिवस टिकायचं.

तरी तिनं ती दहा अंडी धुतली.

नळदुर्गाच्या अलीकडं, बोरी नदीच्या काठाला त्यांचं गाव. धुरपदाच्या भिंतीला भिंत लावून शरणम्माअक्कांचं घर होतं. त्यांच्या मालकांचं, गुरुसिद्धप्पाअण्णांचं, किराण्याचं दुकान होतं. गळ्यात लिंग बांधलेलं घर. कांदा-लसणालासुद्धा सोमवारी तिथं मज्जाव. अक्कांची लेक शिवगंगा पहिलटकरीण म्हणून माहेरी आली, बाळंत झाली आणि खंगत गेली. अंगावर दूध उतरेना. नळदुर्गच्या दवाखान्यातल्या हकीमसाहेबांनी नाडी बघून सांगितलं, "रोज सकाळी कोमट दुधात एक कच्चं अंडं फेटून द्या. दवा समजून द्या."

अक्का त्या दिवशी पहाटे परसातल्या कुंपणापाशी आल्या. पदर तोंडावर धरून म्हणाल्या, "धुरपदा, कसं मागू गं? जिभंवर येईना मला."

"म्या हाय न्हवं," धुरपदा म्हणाली. "तुमी मागूच नका. म्या देते."

तेव्हापासून रोज एक अंडं कुंपणावरून जाई. अण्णांना पत्ता नव्हता. महिनाभरात शिवगंगेच्या गालावर थोडा रंग आला, आणि बाळाच्या ओठाला थेंब थेंब का होईना, आईचं दूध लागू लागलं.

मग धुरपदाच्या भावाचं लग्न निघालं, तिकडं माहेरी, वाशीला. दहा दिवस जायचं. दहा अंडी देऊन जायचं ठरलं. तिनं राखेच्या मडक्यातून ती काढली आणि उजेडात बघून तिला कसंतरीच झालं. कुणावर विष्ठेचा डाग, कुणाला पिसाचा तुकडा चिकटलेला. एकेक अंडं देताना तिचं कधी लक्ष गेलं नव्हतं. दहा एका जागी मांडल्यावर तिला तिचं सगळं घरच त्यात दिसलं. शेण, खुराडं, कोंबड्यांचा वास. आणि हे त्या घरात जाणार, जिथं जंगमस्वामी आले की त्यांचे पाय धुतात! अक्का मनात काय म्हणतील?

तिनं चिंचेच्या कोळानं आणि पाण्यानं एकेक अंडं घासलं. अंडी मोत्यासारखी उजळली. गाडी जुंपून दारात उभी होती, तिचा नवरा बलभीम ओरडत होता, "अगं, लग्न लागून पाळणा हलायची वेळ आली!" तिनं ओलीच अंडी ताज्या राखेत पुरली, मडकं कुंपणावरून दिलं आणि गाडीत बसली.

"किती सोज्वळ दिली गं," वरचं एक काढून बघत अक्का म्हणाल्या होत्या. तो शब्द धुरपदानं वाशीपर्यंत गूळ चघळावा तसा चघळला.

परत आली तेव्हा कुंपणापाशी कुणी नव्हतं. मडकं परसात पालथं पडलेलं. ती ओसरीवर गेली. अक्का वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी बसायला घोंगडं सरकवलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं.

पाचव्या दिवशी स्वामी आले होते. पूजेची तयारी चालली होती, घंटा वाजत होती. अक्कांनी घाईनं आतल्या खोलीत दुधाच्या वाटीवर अंडं फोडलं, आणि काळं-हिरवं पाणी भस्सकन वाटीत पडलं. वास माजघरातून देवघरात, देवघरातून ओसरीवर. स्वामी न जेवता उठले. अण्णा नदीवर जाऊन दोनदा आंघोळ करून आले.

"महादेवानं सांगितलं मला," अक्का म्हणाल्या. "माझ्या घरात हे चालायचं नाही म्हणून सांगितलं. शपथ घेतली म्या. आता ब्याडा. नको ते अंडं."

"आणि गंगी?"

"त्याच्या मनात असंल तसं."

धुरपदानं तोंड उघडलं. पण अक्काच पुढं म्हणाल्या, "तुझा काय दोष न्हाय गं. तू चांगल्या मनानं दिलीस. माझंच पाप." आणि त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला.

त्या हाताखालचा हात जळत असल्यागत धुरपदानं ओढून घेतला, आणि कायतरी काम काढून घरी पळाली.

बलभीमला सांगितलं तर तो म्हणाला, "सुटलीस की! त्यांनी देवावर घातलं, ऱ्हाऊ दे देवावर. तू कशाला मधी पडतीस?"

ती सुटली नव्हती. पहाटे जात्यावर बसली की भिंतीपल्याड बाळ रडायला लागायचं. भुकेचं रडणं, ओढून ओढून दमलेलं. तिच्या तोंडात आपसूक ओवी यायची:

*भिंतीला माझी भिंत, शेजीचं माझं जोतं,*
*एका घरी रडं तान्हं, दुज्या घरी...*

पुढचं चरण यायचं नाही. जातं थांबायचं. तिसऱ्या दिवशी तिनं पीठ तसंच सोडलं, हात पदराला पुसले आणि शेजारी गेली. अण्णा ओसरीवर कपाळाला भस्म लावत बसले होते. तिला वाटलं, आता मागं फिरावं. ते दुकानावर गेल्यावर यावं. पण पाय पायरीवर पडला होता.

"अक्का, बाहेर या. अण्णा, तुमी बी ऐका." तिनं नजर जमिनीवर ठेवली. "अंडी देवानं न्हाय नासवली. म्या नासवली."

"काय बोलतीस गं?" अक्का दारात आल्या.

"धुतली म्या. धुवायचं नसतंय, मला ठावं हाय. माझ्या घरचं पोर बी सांगंल. पाणी लागलं की आठ दिस टिकत न्हाय. वर ओलीच राखंत घातली."

"मग का धुतलीस?"

हाच प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. तीन दिवस ती उत्तर जुळवत होती. आता सगळं जुळवलेलं गळून पडलं.

"लाज वाटली," ती म्हणाली. "माझ्या घरची घाण तुमच्या घरी दिसंल म्हणून. तुमी मला हलकी समजाल म्हणून."

अण्णांचं भस्माचं बोट कपाळाशीच थांबलं. अक्कांनी दाराची चौकट धरली. मग म्हणाल्या, "अठरा वर्सं शेजारी हाईस. माझ्या गंगीला तू काखंत घेऊन हिंडवलंस. आन् मला असली समजलीस?" त्यांचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर धुरपदाला बरं वाटलं असतं.

"व्हय," ती एवढंच म्हणाली.

आतून बाजेचा करकर आवाज झाला. शिवगंगेचा आवाज आला, बारीक, पण नीट ऐकू येईल असा. "मावशी, आज घातलेलं हाय का एखादं?"

अक्कांनी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी भस्माची डबी मिटली. "मला दुकानापुढं मिरच्या उन्हात टाकायच्यात," ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, आणि वहाणा घालून निघाले. पायरीवर थांबून, पाठमोरेच बोलले, "शपथ तिनं घेतली. पोरीनं न्हाय घेतली."

धुरपदा धावत घरी गेली. कोंबडीखालचं ऊन ऊन अंडं घेऊन आली. अक्कांनी दुधाची वाटी आणून उंबऱ्यावर ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. धुरपदानंच अंडं फोडलं. पिवळं धम्मक, गोल, दुधात तरंगलं. तिनं ते फेटलं आणि वाटी आत बाजेपाशी नेली. शिवगंगेनं डोळे मिटून घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि सगळं प्याली.

"उद्यापासून तूच येत जा," अक्का भिंतीलाच म्हणाल्या. "तुझ्याच हातानं पाज तिला."

"येते, अक्का."

अक्का वळल्या नाहीत. धुरपदानं रिकामी वाटी उचलली; अंड्याची वाटी ह्या घरात कुणी घासायची, की आपणच घासायला न्यावी, हे तिला कळेना. ती वाटी घेऊन तशीच उभी राहिली, कुणीतरी हातातून घेईपर्यंत.