पोर... राय

अव्हेलिनाच्या काळ्या कपड्यांचं वर्ष संपायला आठवडा उरला होता. नवऱ्याच्या, मार्तिन्योच्या सुतकाचं वर्ष. त्याच आठवड्यात पूर्व तिमोरच्या राजधानीहून, दिलीहून, वायू प्रकल्पाची अधिकारीण आली आणि चिंचेखाली गाव जमलं.

"कारखाना होणार नाही," ती म्हणाली. "वायू इथल्या किनाऱ्यावर आणायचा खर्चच निघत नाही. पण समुद्रातली वायूची जुनी विहीर आता रिकामी झालीय. परदेशातल्या कारखान्यांचा धूर तिच्या पोटात राय करायचा, ठेवून द्यायचा. टनामागे भाडं मिळेल."

"जेवून गेले ते, आणि उष्टं ठेवायला आपलं घर," अव्हेलिनाचा दीर जासिंतो म्हणाला. लोक हसले. अव्हेलिना हसली नाही.

चार वर्षांपूर्वी याच कारखान्यापायी टेकडीवरच्या कबरी हलवल्या होत्या. दोन वर्षांची होऊन तापाने गेलेली तिची लेक रोझिन्या तिथे होती. अव्हेलिना तयार नव्हती. "गावातल्या पोरांना नोकऱ्या लागतील गं," म्हणत मार्तिन्योने तिची समजूत काढली. जासिंतोला घेऊन त्याने स्वतः खणलं, हातमागाच्या कापडात गाठोडं बांधलं आणि तिच्या हाती दिलं. ते उराशी धरून ती नदीपलीकडच्या नव्या कबरस्तानापर्यंत चालत गेली होती.

मरताना मार्तिन्योची जीभ जड झाली होती. दोनच शब्द कळले. "पोर... राय." आमच्या भाषेत राय म्हणजे ठेवणं, आणि राय म्हणजे मातीसुद्धा. मला पोरीजवळ ठेव, असा अर्थ तिने लावला आणि तसंच केलं. बापलेक शेजारी आहेत, एवढ्या एका गोष्टीवर तिने वर्ष काढलं.

"मग आमची माणसं टेकडीवर परत नेता येतील?" तिने विचारलं.

"टेकडीभोवतीचं कुंपण राहणार, मावशी. भाड्याचा भाव चढला तर धुराचे पंप तिथेच बसतील. तोवर तिथली राय कुणी खणायची नाही."

मघाशी राय म्हणजे ठेवणं होतं, आता माती. मार्तिन्योचे शेवटचे दोन शब्द अव्हेलिनाने मनात पुन्हा म्हणून पाहिले. सभा उठल्यावर तिने जासिंतोला गावच्या पाणवठ्यापाशी गाठलं.

"भावजी, गाठोड्यात काय होतं?"

"जाऊ द्या ना, वहिनी."

"काय होतं?"

"माती. एवढंसं पोर, काहीच सापडलं नाही. दोन दिवस खणलं आम्ही. दादा म्हणाला, तिला सांगू नकोस, ती जगायची नाही."

ती तिथेच बसली. परवडत नाही, हे कळायला साहेबलोकांना चार वर्षं लागली, आणि तेवढ्यात तिचं लेकरू कुंपणाआड गेलं.

आठवड्याने काळं उतरवायचा विधी झाला. डुक्कर कापलं, गिटार वाजायला लागली. जासिंतोने तिच्या डोक्यावरचं काळं फडकं काढून टोपलीत ठेवलं. नवा पिवळा झगा घालायला ती आत गेली आणि काळाच घालून बाहेर आली.

"वहिनी, अहो, वर्ष संपलं."

"त्यांचं संपलं. पोरीचं आजपासून."

"तिचं तर ती गेली तेव्हाच केलं होतं ना तुम्ही?"

"तेव्हा मी तिला टाकून आले नव्हते," अव्हेलिना म्हणाली.