समोरून येणाऱ्या गाड्या

मी एक जुनी यूट गाडी आहे, मित्रांनो. पुढे दोघांची केबिन, मागे उघडा हौदा. गव्हाच्या मुलखात मेंढरं, कुंपणाच्या तारा आणि ओली कुत्री वाहण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. माझा मालक लेस्टर.

आमच्याकडे समोरून गाडी आली की चालवणारा स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. एवढाच रामराम, पण तो चुकवणं म्हणजे भांडण. लेस्टरचा कधी चुकला नाही.

बायको गेल्यावर काही वर्षांनी घोड्यांना नाल ठोकणारा आयव्हर त्याच्या आयुष्यात आला. दोघे मासे धरायला निघाले की केबिनमध्ये हसणं मावत नसे. मग मी सकाळी आयव्हरच्या दारात उभी दिसू लागले. मला तर सारं गाव ओळखायचं.

पबबाहेर एकानं विचारलं, "लेस्टर, तुझ्याकडे घोडा नाही, मग नालवाला कशाला लागतो रे?"

सगळे हसले. लेस्टरही हसला. मग माझं दार लावून तो थेट घरी निघाला.

पुढे समोरची बोटं उठेनात. लेस्टर मागच्या मातीच्या रस्त्यानं जाऊ लागला.

"काही दिवस येऊ नकोस," तो आयव्हरला म्हणाला.

"काही दिवस म्हणजे किती, तेवढं सांग."

लेस्टर माझी किल्ली फिरवून निघाला. आयव्हर समुद्राकाठी निघून गेला. लेस्टर जेवेना, झोपेना. इंजिन चालू ठेवून फाटकातच बसून राहायचा. ना पुढे, ना मागे. तसं धडधडत उभं राहणं मलाही सोसवेना.

शहरातून मुलगी आली, ब्रॉन. त्याला दवाखान्यात घेऊन निघाली. आवारात शेजारच्या कॉलिनची यूट उभी होती.

"गाडी फिरव."

"बाबा, आलोय तर..."

"फिरव म्हणतो ना, पोरी. उद्या गावभर होईल."

तिनं मला फिरवलं. पुन्हा जायचं राहूनच गेलं. त्या हिवाळ्यात लेस्टरचं हृदय थांबलं.

दफन झाल्यावर कॉलिन माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. "त्याला अवघडायला नको, म्हणून आम्ही न पाहिल्यासारखं करायचो गं."

"त्याला ते तसं वाटलं नाही, कॉलिनकाका." ब्रॉन म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी दवाखान्यात कशाला आला होतात?"

"झोप लागत नाही. माझा धाकटा मुलगा लेस्टरसारखाच आहे. घर सोडून गेला, फोन करत नाही." मग हळूच म्हणाला, "कुणाला सांगू नकोस."

"तुम्ही केलात का फोन?"

कॉलिननं खिशातून फोन काढला आणि परत ठेवला. ब्रॉननं माझं दुसरं दार उघडलं. "बसा आत. इथूनच लावा."

नंबर लावताना त्याची बोटं चुकत होती. पलीकडे घंटा वाजत राहिली, आणि मग कुणीतरी म्हणालं, "बाबा?"

मित्रांनो, कुणी कुणावर प्रेम करावं हे मला यंत्राला काय कळणार? पण नजर चुकवणं म्हणजे दया नव्हे, एवढं मी पाहिलंय. मनानं खचलेला माणूस समोर दिसला तर थांबा, काच खाली करा, नावानं हाक मारा. तो पुढे निघून गेला की आरशात नुसती धूळ उरते.