स्फटिक दोन अंश फिरवला तेव्हा

मेणाचा ठिपका, त्यात साखरेच्या दाण्याएवढा काळा स्फटिक.

काकूंच्या फोनवर लेकीचा निरोप: आई, इस्त्री कुठे ठेवलीस?

एक चाक गेलेली खुर्ची.

बारा वाजल्यापासून क्ष-किरणाचं यंत्र दुसऱ्या गटाचं.

पडद्यावरच्या आलेखात शिखर. जिथे काहीच असायला नको, तिथे.

"काकू, मिळालं," संशोधक मुलगी म्हणाली. "तीन वर्षांनी मिळालं."

काकू म्हणजे या प्रयोगशाळेतलं क्ष-किरणांचं यंत्र सांभाळणाऱ्या तंत्रज्ञ. मुलीचा प्रबंध एकाच दाव्यावर उभा होता: या स्फटिकात लोखंडाचे दोन तऱ्हेचे अणू एकाआड एक बसले आहेत. साध्या क्ष-किरणांना ते जुळे वाटतात. किरणांची ऊर्जा नेमकी लोखंडाला झोंबेल एवढी केली, की दोघे वेगळं उत्तर देतात आणि रिकाम्या जागी शिखर उगवतं.

"आता स्फटिक जागच्या जागी दोन अंश फिरव," काकू म्हणाल्या.

"कशाला? ऊर्जा सरकवली तर शिखर जातंय की. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"बेगडी कांकणही चमकतं, बाई. किरण आत दोनदा वळून भलत्या वाटेनं बाहेर आला तरी असंच शिखर दिसतं. ऊर्जा सरकवली की तेही जातं."

"सरांना कळवलंय मी."

"सरांना कळवलंस. स्फटिकाला विचारलंस का?"

मुलीने फिरवला. रेघ सपाट झाली.

ती त्या लंगड्या खुर्चीत बसली. "संपलं सगळं."

"भूत गेलं फक्त. घर अजून बघायचंय. पन्नास मिनिटं आहेत, ऊठ."

भलत्या वाटा जिथे पोचत नाहीत असा कोन काकूंनी हिशेब करून काढला. ऊर्जा पुन्हा लोखंडावर आणली. मोजणी दहापट लांबवली. अकरा चाळीसला रेघ जराशी वर आली. फिरवलं: तशीच. आणखी फिरवलं: तशीच. ऊर्जा उतरवली: गेली. चढवली: आली.

"एवढंसंच?"

"खरं असतं ते एवढंसंच असतं. आता कुणीही येऊन फिरवू दे."

मुलीने फोन लावला. "सर, मघाशी कळवलं ते चुकीचं होतं. आता सांगते ते लिहून घ्या."

काकूंनी पुढच्या गटासाठी चिमटा पुसून ठेवला.

बावीस वर्षांपूर्वी काकूंनी अशाच एका शिखरावर उभा असलेला स्वतःचा प्रबंध मागे घेतला होता. त्यांनी स्फटिक फिरवला नव्हता.